खिशातला चाकू : सोबती की संकट?

दिल्लीत मेट्रोच्या तपासणीच्या रांगेत अधूनमधून एक दृश्य पाहायला मिळते. गावाहून मुलाकडे राहायला आलेले एखादे आजोबा आपली पिशवी यंत्राच्या पट्ट्यावर ठेवतात आणि पलीकडे जाऊन उभे राहतात. पडद्यावर चाकूची आकृती दिसताच जवान पिशवी बाजूला काढतो. आतून निघतो लाकडी मुठीचा, घडीचा जुना चाकू. आजोबांना आपले काय चुकले तेच कळत नाही. ‘‘अहो, पेरू कापायचा चाकू आहे हा. चाळीस वर्षं खिशात आहे माझ्या,’’ ते समजावू पाहतात. मागे रांग वाढत असते. मुलगा ओशाळून म्हणतो, ‘‘बाबा, इथे हे असलं चालत नाही.’’

खरे तर दोघांचेही बरोबर असते. आजोबांच्या लेखी चाकू हे अवजार आहे, तर शहराच्या लेखी ते हत्यार. वस्तू एकच, पण जागा बदलली की तिचा अर्थ बदलतो. चाकूची आवड असणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, विशेषतः दिल्लीसारख्या शहरात.

सवय जुनीच

जवळ पाते बाळगण्याची सवय आपल्याकडे काही नवी नाही. जुन्या घरांतल्या आजीच्या चंचीत पान, चुना, काताबरोबर अडकित्ता असायचाच. कोकणात माडावर चढणारा गडी कमरेच्या आकडीला कोयता अडकवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याचे पोट कोयत्यावरच चालते. रानात जाणाऱ्या धनगराच्या खांद्यावर कुऱ्हाड असते. यांपैकी कोणालाही आपण ‘हत्यारबंद’ म्हणत नाही, कारण त्या पात्याचे काम डोळ्यांसमोर असते.

शिकारी चाकूचेही तसेच आहे. नावावरून तो जनावर मारण्यासाठी असावा असे वाटते, पण त्याचे मुख्य काम शिकार झाल्यानंतर सुरू होते. कातडे सोलणे, मांस वेगळे करणे यासाठी तो वापरतात. म्हणूनच जाणकारांचा आवडता शिकारी चाकू सिनेमात दिसतो तसा हातभर लांब नसतो. चार इंचांच्या आसपासचे पाते, टोकाकडे पोटासारखा गोलावा, ओल्या हातातून न निसटणारी मूठ आणि पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत गेलेले, ही त्याची लक्षणे. साध्या कार्बनी पोलादाला धार चटकन लागते, पण ओले ठेवले तर गंजही लगेच चढतो. स्टेनलेस पोलाद गंजाला दाद देत नाही, मात्र त्याला धार लावायला जास्त मेहनत पडते.

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शौकाच्या शिकारीचे दिवस संपले. शिकार गेली तरी चाकूची आवड मात्र राहिली. आज हे चाकू गिर्यारोहकांच्या आणि रानात तंबू ठोकून राहणाऱ्यांच्या पाठपिशवीत दिसतात. दोर कापणे, काटक्या तासणे, भाजी चिरणे अशी त्यांची कामे. रानात गेल्यावर चांगल्या चाकूची किंमत कळते, यात शंका नाही.

रामपूरची कर्र-कर्र

दिल्लीहून मुरादाबादच्या रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर गेले की रामपूर लागते. ‘रामपुरी’ हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. नवाबांच्या काळात नावारूपाला आलेला हा घडीचा चाकू हिंदी चित्रपटांनी घराघरांत पोहोचवला. १९६५ च्या ‘वक्त’ चित्रपटात राजकुमार समोरच्या माणसाच्या हातातला चाकू किती शांतपणे काढून घेतो, हे प्रेक्षक अजून विसरलेले नाहीत. नऊ ते बारा इंचांचे पाते आणि ते उघडताना होणारा कर्र-कर्र आवाज यांमुळे रामपुरी हे गुंडाचे ओळखपत्रच बनले.

त्याची झळ बसली ती कारागिरांना. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांपेक्षा लांब पात्याच्या चाकूंवर बंदी आली. धंदा बसला आणि अनेक कारागिरांनी दुसरे काम धरले. गंमत अशी की, त्याच रामपूरमध्ये मार्च २०२३ मध्ये एका चौकात सुमारे वीस फूट उंचीचा चाकू मोठ्या समारंभाने उभारला गेला. खिशात नको असलेली वस्तू शहराने अशी चौकात मिरवली. कारागिरी अभिमानाची आहे, भीती आहे ती तिच्या वापराची, हेच यातून दिसते.

कायदा काय म्हणतो?

१९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनुसार ज्याचे पाते नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद आहे असा चाकू, कट्यार, कुकरी ही धारदार शस्त्रे ठरतात. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे स्वयंपाकघरातल्या विळीची आणि शेतातल्या कोयत्याची काळजी करण्याचे कारण नाही.

दिल्लीचा नियम मात्र याहून कडक आहे. २९ ऑक्टोबर १९८० च्या अधिसूचनेने खटक्याचे, गरारीचे, बटणाचे किंवा अन्य यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू बंधनाखाली आणले. त्यासाठी ठरवलेले माप आहे पात्याची लांबी ७.६२ सेंटिमीटर आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर, किंवा त्याहून अधिक. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम तीन इंच! असा चाकू सापडला की पोलीस कागदावर त्याचा खाका काढतात, पट्टीने माप घेतात आणि गुन्हा नोंदवतात. शिक्षा एक ते तीन वर्षांची होऊ शकते.

२०२५ मध्ये असेच एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ही अधिसूचना असे चाकू बनवणे, विकणे, विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी बाळगणे यांबद्दल आहे. आरोपपत्रात तसा आरोपच नसेल, तर केवळ चाकू सापडला एवढ्यावर खटला चालू शकत नाही, असे सांगून न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. हा निकाल दिलासा देणारा आहे खरा. पण ज्याला एका चाकूपायी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, त्याचे पोलीस ठाण्यातले हेलपाटे, वकिलाची फी आणि घरच्यांचा घोर यांची भरपाई कोण करणार?

राजधानी परिसरातली आणखी एक अडचण लक्षात घ्यायला हवी. नोएडा उत्तर प्रदेशात, गुरुग्राम हरियाणात आणि दोहोंच्या मध्ये दिल्ली. सकाळी घरून निघालेला नोकरदार तासाभरात राज्याची हद्द ओलांडतो. खिशातला चाकू तोच असतो, पण त्याला लागू होणारे नियम बदललेले असू शकतात.

कृपाणाची गोष्ट वेगळी आहे. शीख बांधवांचा कृपाण धारण करण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५ व्या कलमातच मान्य केलेला आहे. देशांतर्गत विमानातही सहा इंचांपर्यंत पाते आणि एकूण नऊ इंचांपर्यंत लांबी असलेला कृपाण जवळ ठेवता येतो. मात्र ती श्रद्धेची खूण आहे. तिचा दाखला देऊन कोणी शौकाचा चाकू मिरवू शकत नाही.

भीतीवरचा उतारा?

चाकू जवळ बाळगणाऱ्यांत एक वर्ग असा आहे, ज्याला त्याची मुळीच आवड नसते. असते ती फक्त भीती. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये तरुणीवर झालेल्या अत्याचाराने सारा देश हादरला. त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत एका राजकीय पक्षाने महिलांना छोटे चाकू वाटले. २०१७ मध्ये दिल्ली मेट्रोत महिलांना स्वसंरक्षणासाठी चार इंचांपर्यंतचा चाकू नेऊ देण्याचा निर्णय झाल्याच्या बातम्या आल्या.

रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या मुलीच्या पर्समध्ये आई हळूच चाकू ठेवते, तेव्हा तिच्या काळजीला कोण हसेल? पण त्या चाकूने मुलगी खरोखर सुरक्षित होते का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पर्सच्या तळातून चाकू शोधून, उघडून तो चालवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ हल्लेखोर देत नाही. सराव नसलेल्या हातातून तो हिसकावून घेणेही अवघड नसते, आणि मग आपलेच पाते आपल्यावर उलटते. त्यापेक्षा आरडाओरडा करून गर्दीकडे धाव घेणे, ११२ क्रमांक फिरवणे, प्रवासात घरच्यांना आपला ठावठिकाणा कळवत राहणे हे उपाय अधिक खात्रीचे आहेत.

पुरुषांच्या बाबतीत धोका निराळा आहे. दिल्लीत गाडीला गाडी घासली, पार्किंगची जागा गेली, एवढ्यावरून हातघाईचे प्रसंग येतात. खिसा रिकामा असेल तर भांडण शिवीगाळीवर थांबते, फार तर कॉलर धरली जाते. खिशात चाकू असेल तर रागावलेला हात तिकडेच जातो. एका क्षणाचा राग दोन घरे उद्ध्वस्त करतो.

आवड जपावी, पण अशी

चाकूचा शौक वाईट नाही, पण तो शिस्तीने करावा. शहरात फिरताना चाकू जवळ ठेवू नये. सहलीला न्यायचा असेल तर म्यानात घालून, कापडात गुंडाळून सामानाच्या तळाशी ठेवावा. विमानप्रवासात तो हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या सामानात द्यावा लागतो. बटणाच्या आणि खटक्याच्या चाकूंच्या मोहात पडू नये. फळे कापायला खटका लागत नाही. घरात लहान मुले असतील तर संग्रह कुलपात असावा. आणि धार नेहमी चांगली ठेवावी, कारण बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते घसरून हाताला लागते.

राहता राहिले आजोबा. त्यांचा चाकू फेकून देण्याचे काहीच कारण नाही. मुलाच्या स्वयंपाकघरात त्याला एक कोपरा मिळाला तरी पुरे. संध्याकाळी नातवंडांना गोळा करून त्यांनी त्याच चाकूने पेरूच्या फोडी कराव्यात, वर तिखटमीठ घालावे आणि चाकू धरायचा कसा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा कसा, हेही शिकवावे. चाळीस वर्षे त्यांनी तो कशासाठी जवळ ठेवला, हे नातवंडांना तेव्हा आपोआप कळेल.