माडाचें ऋण

नाशिकास जाऊन रामकुंडावर गोदेला नारळ वाहिला नाहीं, असें घर आमच्या वाचकांत विरळा. परंतु उगमाजवळ आपण जिला एक नारळ देतों, ती नदी मुखापाशीं लक्षावधि नारळ पिकविते, याचा विचार आपण क्वचितच करितों.

आंध्र प्रदेशांत धवळेश्वरमच्या खालीं गोदावरीला फांटे फुटतात. गौतमी व वसिष्ठा हे दोन मुख्य फांटे आणि पूर्वसमुद्र यांच्यामधील भूमि म्हणजे कोनसीमा. ही भूमि नदीनेंच घडविली. सह्याद्रीपासून पूर्वघाटापर्यंतची माती वाहून आणून तिनें ती थरावर थर पसरली. माडाला भुसभुशीत जमीन हवी, मुळांशीं ओल हवी पण तुंबलेलें पाणी नको, हवा उष्ण व दमट हवी. खाऱ्या वाऱ्याचें त्यास वावडें नाहीं. हें सर्व येथें एकत्र आलें आहे. त्यांत १८४७ ते १८५२ या काळांत आर्थर कॉटन यांनीं धवळेश्वरमला बंधारा बांधिला व कालव्यांनीं गोडें पाणी गांवोगांव पोंचलें. आज माडांच्या सावलींत केळ, सुरण आणि कोकोही पिकतो.

तेथील रीतीही या झाडाभोंवतीं वाढल्या आहेत. नारळ माळ्यावर कित्येक महिने ठेवितात. आंतील पाणी आटून खोबऱ्याचा गोटा सुटला कीं त्यास 'कुरिडी' म्हणतात. संक्रांतीच्या दुसरे दिवशीं जग्गन्नतोट येथें अकरा रुद्रांचा मेळा भरतो. कळकाच्या उंच, शृंगारलेल्या 'प्रभा' खांद्यांवर घेऊन लोक बागांतून, उभ्या शेतांतून व कालव्याच्या पाण्यांतून येतात. पीक तुडविलें गेलें तरी शेतकरी तें भाग्यच मानितो.

माड हें उतावळ्याचें झाड नव्हे. उंच जातीचें रोप फळावर येण्यास सहासात वर्षें लागतात. पोय उमलल्यावर नारळ पक्व होण्यास सुमारें १२ महिने. नोव्हेंबर १९९६ च्या चक्रीवादळानें येथील लक्षावधि माड एका रात्रींत आडवे केले, तेव्हां लोकांनीं पुनः रोपें लाविलीं. ज्यांनीं लाविलीं त्यांतील वृद्धांनीं आपण फळ खाऊं अशी आशा कशी धरावी? तरी लाविलीं.

सुभाषितकारांनीं माडाला कृतज्ञतेचा आदर्श मानिलें आहे. रोपपणीं मिळालेल्या पाण्याची फेड तो जन्मभर करितो म्हणून. आपली गोष्ट निराळी. गोदेवर ठायीं ठायीं धरणें झालीं. पैठणचें जायकवाडी १९७६ सालीं पुरें झालें. मराठवाड्याची तहान आम्हांस ठाऊक आहे, धरणें नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पाण्याबरोबर गाळही अडतो. मुखाशीं पोंचणारा गाळ घटला आहे, आणि समुद्र ठिकठिकाणीं कांठ खात आहे. पाण्याच्या वांटणीचे तंटे आपण पिढ्यान् पिढ्या भांडतों. मातीच्या वांट्याची गोष्ट मात्र कोणी काढीत नाहीं. ती काढण्याचें काम, आमच्या मतें, वरच्या अंगाला राहणाऱ्यांचें आहे.