दोनशे यार्ड? जरा दमानं घ्या राव!

"आपली गन २०० यार्डांवर एल्क पाडते!" सप्टेंबर जवळ आला की कोलोरॅडोत हे वाक्य हमखास कानावर पडतं, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. गन पाडते म्हणे! मग चाप कोण ओढतं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, नर सहज ३०० किलोचा. मझलोडर म्हणजे चक्क ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू घाला, गोळी गजाने ठासा, एक बार काढा. दुसरा हवा असेल तर पुन्हा पहिल्यापासून. सराईत माणसालाही अर्धा मिनिट सहज लागतो. कोलोरॅडोत या बंदुकीसाठी सप्टेंबरात ९ दिवसांचा वेगळा मोसम असतो. एल्कसाठी किमान .५० कॅलिबर लागतं आणि दुर्बीण चालत नाही. नुसती माशी आणि खाच.

"मुळात शिकार करावीच का?" यावर पुन्हा कधीतरी भांडू. पण जो करतो त्याने एवढं तरी पाळावं, की जनावर तडफडता कामा नये.

आता गणित. ४०० ग्रेनची गोळी, नळीतून निघताना वेग सेकंदाला १४०० फूट, नेम १०० यार्डांवर बसवलेला. मी हिशोब मांडला तेव्हा तीच गोळी १५० यार्डांवर साधारण १० इंच खाली गेली आणि २०० वर जवळपास अडीच फूट! म्हणजे छातीवर धरलेला नेम पोटाखालून जाणार. गोळीची ऊर्जा तोवर निम्म्यावर आलेली. पोचायला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात रमतगमत चालणारा एल्कसुद्धा दोनेक फूट पुढे सरकतो. जिथे छाती होती तिथे आता पोट.

आणि पोटात लागलेली गोळी म्हणजे काय? जनावर पळतं, दाट झाडीत शिरतं, तासन् तास झुरून मरतं. मांस वाया. शिकारी मात्र कॅम्पवर येऊन सांगतो, "चुकला वाटतं." चुकला नाही रे बाबा, लागला. तुला सापडला नाही, एवढंच.

"पण रेंजवर मी २०० ला मारतो की!" मारत असशील. टेबल, वाळूची पिशवी, पुठ्ठ्याचं निशाण. आपल्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर चालतं' म्हणतात, आणि आपण त्यावर हसतो. दहा हजार फुटांवर चढून धाप लागलेली असताना, हात थरथरत असताना काय होतं ते सांग.

"मग दुर्बीण लावू द्या!" तेही करून झालंय. युटाने २०१६ मध्ये मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणींना परवानगी दिली आणि २०२४ मध्ये मझलोडरच्या मोसमासाठी ती काढून घेतली. दुर्बिणीने जनावर जवळ दिसतं, गोळी काही जवळ येत नाही.

माझा नियम साधा आहे. १० इंची कागदी थाळी टांगा. थोडं पळून या, दम लागू द्या, मग गुडघ्यावर बसून पाच बार काढा. पाचही थाळीत बसतील ते तुमचं अंतर. चारच बसले तर पुढे या. माझं अंतर ७५ यार्ड आहे. तुमचं ९० असेल तर अभिनंदन. पण उघड्या माशीने १०० च्या पुढे कोणीही जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत. आणि हा आकडा घरी ठरवायचा. समोर सहा फाट्यांची शिंगं दिसली की भल्याभल्यांना १८० यार्ड १०० वाटायला लागतात.

गंमत म्हणजे सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा काळ. नीट साद घातली तर नर आपणहून ४० यार्डांवर येतो. वेगळा मोसम आहे तो जवळ जाण्यासाठी. ज्याला लांबूनच मारायचंय त्याने साधी रायफल घ्यावी आणि रायफलच्या मोसमात यावं. कोणी अडवलंय?

असो. पटलं तर थाळी टांगून बघा. नाही पटलं तरी टांगाच!