भोंगा आधी मोठ्यांसाठी!

"सारखा मोबाईल हो, अभ्यासात लक्षच नाही!" डोंबिवलीत कुठल्याही सोसायटीत जा, हेच रडगाणं. आणि रडणाऱ्याच्या हातात काय? मोबाईल!

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवलं, संध्याकाळी सात ते साडेआठ टीव्ही-मोबाईल बंद. देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी बंद, मोठ्यांचेसुद्धा! खरी मेख तिथेच आहे. पोराने एकट्याने मन मारायचं आणि बाबांनी शेजारी बसून क्रिकेट बघायचं, हे कसं जमणार?

"सातला आम्ही लोकलमध्ये लटकत असतो," म्हणाल. मग नऊ ते दहा ठेवा! भोंगाही नको. आधी आपला फोन कपाटात टाका. तेवढं जमत नसेल तर पोरांवर ओरडू नका. असो.