वीर धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, हे कॉम्प्युटर ठरवतो का?

जुलै लागला की पुणे, सातारा, सोलापूरकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. वीर धरणातून नीरा नदीत सोडलं जाणारं पाणी वाढवून अमुक हजार क्युसेक केलंय, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं. आपण वाचतो आणि फॉरवर्ड करतो. पण तो ‘अमुक’ आकडा कुठून येतो? वीस हजारच का, तीस का नाही? आणि आत्ताच का, उद्या का नाही?

मला यात रस असण्याचं एक कारण म्हणजे माझं आजोळ मार्गासनी. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना लागणारं गाव. राजगडला निघालेले ट्रेकर इथूनच साखर-गुंजवण्याकडे वळतात, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांनी इथे चहा घेतला असेल. इथल्या डोंगरांवर पडलेलं पाणी गुंजवणी नदीतून नीरेत जातं, नीरेतून वीर धरणात, आणि पुढे नीरा-नरसिंगपूरला भीमेत. म्हणजे वेल्ह्याच्या डोंगरात कोसळलेला पाऊस काही दिवसांनी पंढरपूरच्या वाळवंटात पोचतो. मध्ये चार धरणं उभी आहेत: भाटघर (23.50 टीएमसी), नीरा देवघर (11.73), वीर (9.41) आणि वेल्ह्याजवळचं गुंजवणी (3.69). एकूण 48.33 टीएमसी.

आधी हे टीएमसी-क्युसेक सोपं करून घेऊ. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. सेकंदाला 11,574 घनफूट पाणी चोवीस तास वाहिलं की बरोबर 1 टीएमसी होतं. एवढा एकच आकडा लक्षात ठेवा. वीरमधून 30 हजार क्युसेक दिवसभर सुरू असेल, तर अडीच टीएमसीपेक्षा जास्त पाणी गेलं. गुंजवणी धरणाचा दोन तृतीयांशाहून मोठा भाग एका दिवसात.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाकडे एक निर्णय-सहाय्य प्रणाली आहे. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, 2011 नंतर, डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेने ती उभारून दिली. खोऱ्यात जागोजागी आपोआप नोंद घेणारी पर्जन्यमापकं आणि नदीची पातळी मोजणारे सेन्सर आहेत. त्यांचा डेटा मोबाईल नेटवर्कवरून किंवा उपग्रहामार्फत येतो, त्यात हवामान खात्याचा पावसाचा अंदाज मिसळतो, आणि पुढच्या तीनेक दिवसांत कुठल्या धरणात किती पाणी येईल याचं गणित मांडलं जातं.

या गणिताचा गाभा वेल्ह्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला लगेच कळेल. यातलं पाऊस-ते-प्रवाह मॉडेल जमिनीकडे एकाखाली एक ठेवलेल्या टाक्यांसारखं बघतं. वरची टाकी पृष्ठभागाची, मधली मुळांच्या थराची, खालची भूजलाची. भाताचं खाचर आठवा. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तेव्हा कोरडी माती सगळं पिऊन टाकते, बांधावरून थेंबही जात नाही. जुलैअखेर खाचर तुडुंब असतं, तेव्हा पडेल तेवढं पाणी बांधावरून खाली धावतं. पाऊस तेवढाच, पण नदीत येणारं पाणी कितीतरी पट. 100 चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर ते 1 कोटी घनमीटर, म्हणजे साधारण 0.35 टीएमसी होतं. यातलं धरणात किती पोचेल हे टाक्या आधीच किती भरल्यात यावर ठरतं. मॉडेल तोच हिशोब ठेवतं.

अडचण सह्याद्रीची आहे. घाटमाथ्यावर धो धो चाललेलं असताना दहा-पंधरा किलोमीटर पूर्वेला नुसती भुरभुर असू शकते. दोन पर्जन्यमापकांच्या मधल्या डोंगरावर काय पडलं, ते मॉडेल अंदाजानेच भरतं. शिवाय मुसळधार पावसात आपल्याकडे पहिली काय जाते? लाईट, आणि मग रेंज. ज्या तासाला डेटा सगळ्यात जास्त हवा, नेमकं त्याच तासाला तो अडकायची भीती असते. सर्व्हरवर काम करणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं असेल.

तरी मी म्हणेन की अशी प्रणाली हवीच. एका धरणाचा निर्णय दुसऱ्यापासून वेगळा घेता येत नाही, आणि माणसाला सगळं खोरं एकदम डोक्यात ठेवता येत नाही. नरसिंगपूरला काय होतं बघा. नीरेतून वीरचं पाणी येतं, भीमेतून उजनीचं. दोन्हींचे लोंढे एकाच वेळी तिथे पोचले की पंढरपूर पाण्याखाली जायची वेळ येते. एकाला काही तास आधी सोडलं, दुसऱ्याला थोडं रोखलं, तर तेवढंच पाणी कमी उंचीने निघून जातं. कुठलं पाणी कुठे किती तासांनी पोचेल, ही आकडेमोड कॉम्प्युटरइतकी चांगली कोणी करत नाही.

पण ‘थोडं रोखायला’ धरणात जागा लागते, आणि खरं भांडण जागेचं आहे. धरण रिकामं ठेवलं तर पूर अडवता येतो. भरून ठेवलं तर रब्बीला आणि उन्हाळ्यात पाणी मिळतं. म्हणून प्रत्येक धरणाचं वेळापत्रक असतं: कुठल्या तारखेला किती भरलेलं असावं. आपल्याकडे साधारण 15 ऑक्टोबरपर्यंत धरण पूर्ण भरायचं असं गणित असतं. आणि 14 ऑक्टोबर 2020 ला काय झालं? बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने सोलापूर-पंढरपूरला झोडपून काढलं. वेळापत्रकाप्रमाणे धरणं भरलेली असायची तीच वेळ. तीन दिवस आधी अंदाज कळला तरी तीन दिवसांत किती रिकामं करणार? आणि केलं, पण पाऊस आलाच नाही, तर त्या सोडलेल्या पाण्याचा जाब शेतकरी कोणाला विचारणार?

इथे मॉडेल गप्प बसतं. ते सांगतं की अमुक केलं तर पुराची शक्यता इतकी, तमुक केलं तर टंचाईची इतकी. यातली कुठली जोखीम कोणाच्या माथी मारायची, हे इनपुटमध्ये कोणीतरी आधीच लिहिलेलं असतं. गुंजवणीचंच घ्या. प्रकल्पाच्या नियोजनात 21,392 हेक्टर सिंचन आहे: पुरंदर 11,107, भोर 9,435 आणि वेल्हे 850. ज्या तालुक्यात धरण आहे त्याच्या वाट्याला चार टक्केसुद्धा नाही. पुरंदर दुष्काळी आहे, त्याला पाणी हवंच, यात वाद नाही. पण सॉफ्टवेअरला हे 850 म्हणजे बदलता न येणारी एक अट वाटते. ते तिच्या आत राहून सर्वोत्तम उत्तर काढतं आणि स्क्रीनवर ते फार निःपक्षपाती दिसतं. म्हणून ‘सिस्टिमनेच असं सांगितलं’ हे उत्तर मला पटत नाही. अट माणसांनी घातली, बैठकीत घातली, आणि बैठकीतच बदलते.

निर्णय बरोबर असूनही निरोप पोचला नाही तर काय होतं, ते पुण्याने 25 जुलै 2024 ला पाहिलं. खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी मुठेत सोडलं गेलं आणि सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत घरांत शिरलं. पुरेसा इशारा मिळाला नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. आमच्या क्षेत्रात सर्व्हर बंद पडला की नंतर वेळेनिशी टिपण लिहितात: किती वाजता काय दिसलं, कोणी काय ठरवलं, का ठरवलं. धरणांच्या प्रत्येक मोठ्या विसर्गाचं असं टिपण आठवड्याभरात लोकांसमोर यावं, मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष आलेलं पाणी शेजारी-शेजारी ठेवून. याला नवीन मशीन लागत नाही. डेटा आहेच.

तोवर तुमच्या हातात काय आहे? केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ अॅप ऑगस्ट 2023 पासून आहे, त्यात नद्यांची पातळी आणि पुराचा अंदाज दिसतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापनाचं ‘सचेत’ अॅप आहे. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन सूचना बंद केल्या असतील तर चालू करा. 2023 मध्ये चाचणीच्या वेळी फोन जोरात किंचाळला म्हणून अनेकांनी त्या बंद करून टाकल्या होत्या. आणि विसर्गाचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी त्यावर तारीख आणि वेळ आहे का ते बघा. कालचे 30 हजार क्युसेक आज फिरले तर नदीकाठचा माणूस एकतर उगाच धावतो, नाहीतर पुढच्या वेळी जागचा हलतच नाही.