विजेची मोटार आणि टायरचा हिशेब

विजेची मोटार घेणाऱ्याला विक्रेता एक आकडा आवर्जून सांगतो, तो म्हणजे दर किलोमीटरचा विजेचा खर्च. पेट्रोलशी तुलना करून सांगितलेला हा आकडा बहुधा खोटा नसतो. पण तो अपुरा असतो. हे अपुरेपण पहिले टायर झिजून बदलण्याची वेळ येते तेव्हा ध्यानात येते. प्रस्तुत लेखकावर तो प्रसंग पावसाळ्याच्या तोंडावर आला. दुकानदाराने माप विचारले, किंमत सांगितली आणि त्याच्या मते व्यवहार पुरा झाला. त्याने पुढे केलेला टायर मापाने तंतोतंत बरोबर होता. मात्र जुन्या टायरवरील भारांक त्यावर नव्हता. तो तीनने कमी होता. ‘साहेब, बसतो ना चाकावर, मग झाले!’ हे त्याचे उत्तर.

हा तीनचा फरक किरकोळ नव्हे. टायरच्या कडेवर मापानंतर जो दोन आकडी अंक असतो, तो एका टायरने किती भार पेलावा हे सांगतो. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७० किलो. एका टायरमागे ५५ किलो, चारांमागे २२० किलो. विजेची मोटार तिच्याच जातीच्या पेट्रोल मोटारीपेक्षा बॅटरीमुळे साधारण एवढ्याच प्रमाणात जड असते. म्हणजे दुकानदार जे वजन सहजी सोडून देत होता, ते नेमके बॅटरीचे वजन होते. कुटुंबासह घाट उतरताना हा हिशेब कोठे जाऊन थांबेल, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

वजनाखेरीज आणखी एक कारण टायर झिजवते. विजेच्या मोटारीचा जोर चाकाला क्षणार्धात मिळतो आणि वेग कमी करताना तीच मोटार चाकाला मागे खेचून वीज परत मिळवते. दोन्ही वेळी रबर रस्त्यावर घासते. पेट्रोलच्या मोटारीत इंधनातील बरीचशी ऊर्जा इंजिनातच उष्णता होऊन जाते; त्यामुळे टायरने खाल्लेली ऊर्जा तेथे नजरेत भरत नाही. विजेच्या मोटारीत अशी नासाडी थोडी, म्हणून टायरचा वाटा उठून दिसतो. टायर फिरताना रबर दबते व उसळते आणि त्यात काही ऊर्जा वाया जाते. अभियंते तिला ‘रोलिंग रेझिस्टन्स’ म्हणतात. मूळ टायर काढून भलताच टायर बसविला की एका भारणात मिळणारे अंतर घटते आणि मालक बिचारा बॅटरीला दोष देत बसतो.

आता पैशाचा हिशेब पाहू. आकडे सोयीसाठी गृहीत धरले आहेत; वाचकाने आपले घालून पाहावेत. एका युनिटमध्ये ७ किलोमीटर आणि युनिटचा दर १० रुपये धरला, तर विजेचा खर्च किलोमीटरला सुमारे १ रुपया ४० पैसे. चांगला टायर ९,००० रुपयांचा आणि ४०,००० किलोमीटर चालणारा असेल, तर चार टायरांचा खर्च किलोमीटरला ९० पैसे. विजेच्या जवळजवळ दोन-तृतीयांश! स्वस्त टायर ६,५०० रुपयांचा, पण २५,००० किलोमीटरच चालणारा असेल, तर तोच खर्च १ रुपया ४ पैसे होतो. त्याने वीज पाच टक्के अधिक खाल्ली तर आणखी ७ पैसे. एकूण तोटा किलोमीटरला २१ पैसे.

घरगुती मोटारीला हे २१ पैसे जाणवणार नाहीत. पण कर्ज काढून विजेची टॅक्सी घेतलेल्या आणि वर्षाला ६०,००० किलोमीटर धावणाऱ्या चालकाचे ते १२,६०० रुपये आहेत. त्याला हे कळत नाही असे समजणे हा आपला शहाणपणाचा अहंकार होय. त्याला ते पुरते कळते. परंतु चार चांगल्या टायरांसाठी एकदम द्यावे लागणारे जादा १०,००० रुपये हप्त्याच्या आठवड्यात त्याच्या हाती नसतात. गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते ती अशी.

याहून अवघड प्रश्न पावसाचा आहे. ऊर्जा कमी खाणे, ओल्या रस्त्यावरची पकड आणि टिकाऊपणा हे तिन्ही गुण एका रबरात पुरेपूर आणणे कठीण असते. सिलिकायुक्त मिश्रणाने ते बरेच साधते, पण त्याची किंमत मोजावी लागते. कोकणात वा घाटमाथ्यावर राहणाऱ्याने पाचदहा किलोमीटरच्या अधिक पल्ल्यासाठी पकडीवर पाणी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कडेवर ‘ईव्ही’ अशी अक्षरे छापली असली म्हणजे सारे आले असेही नव्हे; आधी भारांक पाहावा.

पण ग्राहकाने पकड पाहायची कोठे? विक्रेत्याला माहीत आणि ग्राहकाला अज्ञात अशा गुणांच्या बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. टायरच्या दुकानात तेच घडते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ऊर्जाहानी, ओली पकड व आवाज यांच्या किमान कसोट्या जाहीर केल्या, हे योग्यच झाले. मात्र किमान कसोटी उत्तीर्ण झालेल्यांत पहिला कोण व शेवटचा कोण, हे ती सांगत नाही. टायरसाठी ताऱ्यांची चिठ्ठी निघाली तीही ऐच्छिक स्वरूपात. युरोपात २०१२ पासून ऊर्जा, पकड व आवाज यांची श्रेणी ग्राहकापुढे मांडणे बंधनकारक आहे.

करनीतीतही हेच अर्धेपण दिसते. विजेच्या मोटारीवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे; तिच्याच बदली टायरवर मात्र सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के होता, तो आता १८ टक्के झाला. नव्या मोटारीसोबत आलेला टायर सवलतीचा आणि तोच पुढे सुरक्षिततेसाठी बदलला की साडेतीनपटीहून अधिक कराचा! सवलत खरेदीच्या दिवसापुरती आणि वापराची वर्षे मालकाच्या नशिबावर, असा हा प्रकार आहे. कर आणखी उतरविणे तिजोरीला परवडेल की नाही, यावर दुमत होऊ शकेल. पण टायरच्या प्रत्येक पावतीवर भारांक, पकडीची व ऊर्जेची श्रेणी आणि उत्पादनाचा आठवडा व वर्ष लिहिणे सक्तीचे करण्यास सरकारला एक पैसाही लागत नाही. उत्पादनाचा आठवडा तर टायरच्या कडेवर चार आकड्यांत कोरलेलाच असतो. तो फक्त पावतीवर उतरवून घ्यावयाचा आहे.