मुक्या जनावराचे औषधपाणी

सातपाटीला बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखाली पाहा, पालघर स्टेशनच्या बाहेर पाहा, नाहीतर बोईसर-तारापूरच्या कामगारांच्या चाळीत पाहा. कुत्रा नाही अशी जागा सापडणार नाही. तो कुणा एकाच्या मालकीचा नसतो. चार घरची भाकरी खातो, रात्री अनोळखी माणसावर भुंकतो आणि दिवसा आपल्याच पोरांबरोबर खेळतो. असा हा सोबती आजारी पडला की मोठी अडचण होते. जनावरांचा डॉक्टर गाठायचा तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, आणि लूत लागलेल्या कुत्र्याला रिक्षावाला बसवून घेत नाही. मग शेजारची एखादी मावशी सांगते, "अगं, झाडपाल्याचं कर काहीतरी."

माता-भगिनींनो, मावशीचा सल्ला दर वेळी चुकीचा असतो असे नाही. पण झाडपाला म्हणजे निर्धोक, ही समजूत मात्र साफ चुकीची आहे. काजऱ्याचे बी झाडाचेच असते, आणि ते जहाल विष आहे. तेव्हा कुत्र्याला कोणतेही औषध करण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, कुत्र्याच्या अंगाला लावलेले औषध त्याच्या पोटात जाते. आपण मलम लावले की वर कपडा घालतो. कुत्रा ते चाटून काढतो. म्हणून जे चाटले तर बाधेल, ते लावायचेच नाही. दुसरी गोष्ट, आपल्याला जे पचते ते त्याला पचतेच असे नाही. कांदा-लसूण आपले रोजचे अन्न आहे, पण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. त्याच्या वजनाच्या दर किलोला १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्तावर परिणाम करू शकतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन कांदे पुरे. लसूण तर याहून तेज. शिवाय हा परिणाम लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर होते. "जंतावर लसूण, गोचिडीवर लसूण" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये.

आता काय चालेल ते पाहू. अंगाला थोडीशी खाज असेल, तर दोन मुठी कडुलिंबाचा पाला दोन-तीन लिटर पाण्यात उकळावा, गाळावा आणि पूर्ण गार झाल्यावर त्या पाण्याने कुत्र्याला धुवावे. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये. लहानसे खरचटले असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन हळद-खोबरेल लावले तरी चालते. लुतीवर करंजाचे तेल लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. लावायचेच तर खोबरेलात थोडे मिसळून आधी रुपयाएवढ्या जागेवर लावावे आणि एक दिवस वाट पाहावी. कातडी लाल झाली नाही तरच पुढे जावे. तेल चाटू नये म्हणून गळ्यात पुठ्ठ्याची गोल चकती अडकवावी. लहान पिल्ले, गाभण किंवा पाजती कुत्री यांना मात्र हेही करू नये.

काय करू नये, ही यादी मोठी आहे. लुतीवर रॉकेल, डिझेल किंवा होडीच्या इंजिनाचे जळके ऑइल चोपडू नये. कातडी भाजते, आणि चाटल्याने पोट व फुप्फुसे बिघडतात. तंबाखूचे पाणी लावू नये, ते कातडीतूनही अंगात भिनते. खोबरेलात कापूर किंवा डांबराची गोळी विरघळवून लावू नये. कापराने कुत्र्याला झटके येऊ शकतात. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळा निकामी होण्याची भीती असते. विष खाल्ले म्हणून मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये, त्या मिठाचीच विषबाधा होते. कडुलिंबाचे तेलही पाजू नये. १९८१ साली मलेशियातल्या डॉक्टरांनी हेच तेल पाजल्यामुळे लहान मुलांना झालेली गंभीर विषबाधा नोंदवली होती. मग कुत्र्याच्या पिल्लाची काय कथा?

थोडक्यात, बाहेरून लावायचे ते जपून लावावे आणि पोटात द्यायचे ते डॉक्टरला विचारूनच द्यावे. जंताचे औषध वजन पाहून द्यावे लागते. ते टाळू नये, कारण कुत्र्याचे जंत अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. लूतही माणसाच्या अंगाला खाज आणते. आठ दिवसांत उतार पडला नाही, जखमेत अळ्या झाल्या, ताप आला किंवा खाणे सुटले, तर झाडपाला थांबवून जिल्हा परिषदेचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तो गाई-म्हशींपुरताच नसतो. चार घरांनी थोडी थोडी वर्गणी काढली तर रिक्षाचा खर्च कुणा एकावर पडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते आहे, आवाज बदलला आहे, त्याला गिळता येत नाही. अशा वेळी आपल्या किनारपट्टीवर पहिला विचार मनात येतो तो असा, की घशात माशाचा काटा अडकला असेल. मग कुणी जबडा उघडून हात घालतो, कुणी पाल्याचा रस पाजतो. बंधू-भगिनींनो, असे कदापि करू नका. पिसाळलेल्या कुत्र्याची लक्षणेही हीच असतात, आणि रोग त्या लाळेतच असतो. हाताला बारीकसा ओरखडा असला तरी पुरे. अशा कुत्र्यापासून मुलांना दूर ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

पिसाळलेला कुत्रा चावल्यावर कोणताही झाडपाला, मंत्र वा दोरा उपयोगी पडत नाही. एकदा लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण त्याआधी लस घेतली तर वाचतो. १८८५ साली पॅरिसला लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला लस टोचली आणि तो वाचला. ही गोष्ट जुनी झाली, तरी आपल्याकडे आजही चावलेल्या जागी चुना, तिखट, हळद भरतात. ते भरू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रक्त आले असेल तर जखमेभोवती टोचायचे वेगळे इंजेक्शनही विचारून घ्या. सांगितलेल्या तारखांना सर्व डोस पुरे करा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण तेवढे दिवस लस लांबवू नये.

आणि चावण्याची वाट तरी कशाला पाहायची? पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस द्यावी, पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी द्यावी. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपल्या गल्लीतल्या मंडळाने पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावून वस्तीतल्या सगळ्या कुत्र्यांना लस द्यायचे ठरवावे. ते मुके जनावर आपले दुखणे सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने विचार करणे हे आपलेच काम आहे.