अडोबोला सरकारी माप कशाला?

फिलिपाईन्सच्या व्यापार खात्याने २०२१ साली ‘अडोबो’ची पाककृती प्रमाणित करण्याचा घाट घातला आणि लोक संतापले. मांस शिरक्यात शिजवून टिकवण्याची ही रीत स्पॅनिश राजवटीपूर्वीची. नाव तेवढे स्पॅनिशांचे. १६१३ च्या मिशनरी कोशात तिची नोंद ‘स्थानिकांचे अडोबो’ अशी आहे. नाव परक्यांनी लादले, आता चमचे स्वकीय अधिकारी मोजणार काय? बातांगासला त्यात हळद पडते, बिकोलात नारळाचे दूध. कित्येक घरांत सोया सॉस (तोही मूळचा चिनी) वर्ज्य, नुसते मीठ चालते. यातले अशुद्ध कोणते? सक्ती नाही, परदेशांतील प्रसिद्धीसाठी केवळ नमुना आहे, असा खुलासा खात्याने मागाहून केला. म्हणजे परक्या पाहुण्याच्या सोयीसाठी आजीच्या अंदाजाला माप लावायचे! आणि बातांगासची हळद त्या नमुन्यात बसवणार कुठे?